चौदा नंबरचा चिमटा

मित्रांनो, दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांना जे लाकडी चिमटे लावतात, त्यांच्यातलाच मी एक. दोन पट्ट्या आणि मध्ये तारेची एक स्प्रिंग, एवढाच माझा देह. लाकूड आता काळे पडले आहे, स्प्रिंगला गंज चढला आहे, पण पकड अजून शाबूत आहे. ओले कपडे मी आयुष्यात जेमतेम चार महिने धरले. त्यानंतरची अठरा वर्षे मी विमाने सांभाळली. हसू नका. बढाई मारायची मला सवय नाही. जे झाले तेवढेच सांगणार आहे.

कारखान्यातले दिवस मला फारसे आठवत नाहीत. एक लांबलचक टेबल, भुशाचा वास, आणि स्प्रिंगा बसवणाऱ्या बाईंच्या अंगठ्याला गुंडाळलेली चिकटपट्टी, एवढेच काय ते आठवते. आम्हा बाराजणांना एका पाकिटात कोंबून बाजारात पाठवले. ते पाकीट दवाखान्यातल्या एका नर्सबाईंनी घेतले. त्यांचा पांढरा गणवेश रोज धुतला जाई आणि त्याचा डावा खांदा माझ्याकडे असे. वारा सुटला की घट्ट धरायचे, बाई आल्या की सोडायचे. कामाला नाव ठेवण्यासारखे काही नव्हते. तरी आपला जन्म एवढ्याचसाठी आहे का, असा विचार मनात येऊन जाई.

नर्सबाईंचे यजमान घड्याळे दुरुस्त करीत आणि त्यांचा धाकटा भाऊ बस चालवी. दोघा भावांना विमानांचे वेड होते. खरीखुरी विमाने नव्हेत. हलक्या लाकडाची, दोन हात लांब पंखांची, जमिनीवर उभे राहून रिमोटने उडवायची. गावाबाहेरच्या एका सपाट माळावर अशा वेड्यांचा क्लब नुकताच निघाला होता. क्लबात घड्याळवाल्यांना सगळे थोरले म्हणत, बसवाल्यांना धाकटे, आणि नर्सबाईंना वहिनी. सेक्रेटरी होत्या पोस्टातून निवृत्त झालेल्या एक बाई. त्यांना पोस्टाच्या बाईच म्हणत. आयुष्यभर टपाल खणांत लावल्यामुळे प्रत्येक गोष्टीला नंबर आणि जागा असलीच पाहिजे, असा त्यांचा हट्ट होता. त्यांनी एक दिवस वहिनींकडे बारा चिमटे मागितले. वहिनींनी आम्हाला तसेच दोरीवरून काढून दिले आणि त्या दिवशीचे कपडे खुर्च्यांच्या पाठींवर वाळत घातले.

आता हे चिमटे कशाला, ते सांगतो. त्या वेळचे रिमोट एकेका ठरलेल्या नंबरावर बोलत. कुणाचा बारा, कुणाचा चौदा, कुणाचा वीस. एकाच नंबरचे दोन रिमोट एकाच वेळी चालू झाले, तर आकाशातल्या विमानाला दोघांचेही बोलणे ऐकू येई आणि ते बिचारे वेडेपिसे होऊन खाली कोसळे. म्हणून पोस्टाच्या बाईंनी पत्र्याच्या शेडबाहेर एक फळा टांगला आणि प्रत्येक नंबरासाठी एक चिमटा त्यावर लावला. ज्याला उडवायचे आहे त्याने आपल्या नंबरचा चिमटा काढून रिमोटच्या एरियलला लावायचा, मगच बटण चालू करायचे. चिमटा फळ्यावर नसेल, तर गुपचूप थांबायचे. माझ्या पोटावर लाल रंगाने चौदा लिहिले गेले आणि मी एकदम सरकारी माणूस झालो.

चौदा नंबर दोघांचा होता, थोरल्यांचा आणि धाकट्यांचा. दोघांनी एकाच दुकानातून एकाच दिवशी रिमोट घेतले आणि नंबर बघायचे राहून गेले. त्यावरून वहिनी त्यांना वर्षानुवर्षे चिडवत. पण भावांनी ते गोड मानून घेतले. एकजण उडवी तेव्हा दुसरा खुर्चीत बसून नावे ठेवी. मी एकाच्या एरियलवरून दुसऱ्याच्या एरियलवर जाई. माळावरची सगळ्यांत उत्तम जागा माझी होती. लूप, रोल, आडवे आठ, विमानांच्या सगळ्या कसरती मी समोरून बघितल्या. पोस्टाच्या बाई नव्या सभासदांना माझ्याकडे बोट दाखवून सांगत, "हा चौदा नंबर बघा. दोघांचा आहे, पण एकदाही घोटाळा झालेला नाही." ते ऐकून मी फुगून जात असे. तेरा वर्षे अशी गेली.

तेराव्या वर्षी क्लबाच्या दोन दिवसांच्या स्पर्धेत जे घडले, त्यासाठी मी हे सारे सांगत बसलो आहे.

कसरतींची स्पर्धा शनिवार-रविवार असे. फक्कीची एक रेघ मारलेली, रेघेमागे तीन परीक्षक टोप्या घालून बसलेले. प्रत्येकाने ठरलेल्या कसरती ठरलेल्या क्रमाने करायच्या आणि प्रत्येक कसरतीला दहापैकी गुण. उडवणाऱ्याने विमानावरची नजर काढायची नसते, म्हणून त्याच्या मागे एकजण कागद घेऊन उभा राहतो आणि पुढची कसरत मोठ्याने सांगतो. थोरल्यांच्या मागे नेहमी वहिनी असत. दवाखान्यात डॉक्टरांना सांगावे तशा शांत आवाजात त्या सांगत, "आता लूप. आता सरळ. आता उलटं."

थोरले यापूर्वी तीनदा दुसरे आले होते. या वर्षी त्यांनी नवे विमान केले होते, लाल पंखांचे. ते घरच्या जेवणाच्या टेबलावर तयार झाले, त्यामुळे ते पुरे होईपर्यंत थोरल्यांनी आणि वहिनींनी ताटे मांडीवर घेऊन जेवणे उरकली. शनिवारी संध्याकाळी गुण लागले तेव्हा थोरले पहिले होते आणि धाकटे तिसरे. धाकट्यांनी सगळ्यांदेखत भावाला उचलले. थोरले म्हणाले, "अरे ठेव खाली, उद्याचा दिवस आहे अजून."

रविवारी थोरल्यांची उडवायची पाळी पाचवी होती आणि धाकट्यांची आठवी. चौथ्या होत्या दातांच्या डॉक्टरीणबाई. ऐनवेळी त्यांच्या विमानाचे चाक निखळले आणि त्यांनी माघार घेतली. पोस्टाच्या बाईंनी लगेच थोरल्यांना पुकारले. थोरल्यांनी मला फळ्यावरून काढले, एरियलला लावले आणि ते रेघेवर गेले.

धाकटे त्या वेळी शेडमागे होते. गाडीची डिकी उघडून ते आपल्या विमानात नवी बॅटरी बसवत होते. वारा पत्र्यावर थाडथाड वाजत होता, त्यामुळे पुकारा त्यांच्या कानावर गेला नाही. पाचच मिनिटांपूर्वी त्यांनी थोरल्यांना खुर्चीत बसून चष्मा पुसताना पाहिले होते. एक चिमटा तेरा वर्षे वाटून घेतल्याने त्यांना एक वाईट खोड लागली होती. ते फळ्याकडे बघतच नसत. दादा खुर्चीत आहे म्हणजे चौदा नंबर मोकळा, असे ते धरून चालत. शेपटी नीट हलते की नाही एवढेच बघायचे होते. त्यांनी आपला रिमोट चालू केला. हे मला नंतर कळले, पण तुमचा गोंधळ होऊ नये म्हणून आत्ताच सांगून टाकतो.

इकडे लाल विमान उलटे उडत होते, पोट आकाशाकडे करून, तीन मजली घराच्या उंचीवर. ही कसरत दिसते साधी, पण तीत एक मेख आहे. एरवी रिमोटची दांडी ओढली की विमान वर जाते. विमान उलटे असताना ओढली, तर ते जमिनीकडे येते. तिथे दांडी ढकलावी लागते. नवशिक्यांची निम्मी विमाने याच एका चुकीने मोडतात. थोरल्यांनी दांडी ढकलून धरली होती. त्यांचा अंगठा माझ्यापासून वीतभर अंतरावर होता आणि तो जागचा हलला नाही, हे मी शपथेवर सांगतो. पण विमान एकदम थरारले, त्याने नाक खाली घातले आणि क्षणात ते पलीकडच्या शेतात घुसले. आवाज फारसा मोठा झाला नाही. हलके लाकूड ते.

सगळे धावले. पोस्टाच्या बाई मात्र फळ्यापाशी उभ्या राहिल्या आणि ओरडल्या, "चौदा नंबर आणखी कुणी चालू केला होता का? आत्ता सांगा, मी रागावणार नाही!"

धाकटे तोवर शेडच्या कोपऱ्यावर आले होते. त्यांचा चेहरा मी पाहिला. त्यांनी बोलायला तोंड उघडले, तेवढ्यात थोरले म्हणाले, "नाही हो बाई, कुणाचा काही दोष नाही. मी दांडी ओढली. ढकलायच्या ठिकाणी ओढली."

"अहो, मी मागेच उभी होते," वहिनी म्हणाल्या. "तुमचा अंगठा पुढेच होता."

"अगं, तू कागद बघत होतीस का माझा अंगठा? झालं ते झालं. वय झालं माझं."

धाकट्यांचे उघडलेले तोंड मिटले. मला तेव्हा वाचा असती, तर अंगठा पुढेच होता, असे मी ओरडून सांगितले असते. पण चिमट्याला धरता येते, बोलता येत नाही.

थोरल्यांनी पंखांचे तुकडे गोळा करून पोत्यात भरले. मग त्यांनी मला एरियलवरून काढून धाकट्यांच्या हातात दिले. "जा, उडव. माझं राहिलं, निदान तुझं तरी होऊ दे." धाकटे गेले आणि उडवून आले. मन थाऱ्यावर नसताना माणसाच्या हातून कधीकधी फार छान काम होते, तसे झाले. ते पहिले आले. चषक घेताना त्यांनी कुणाच्या नजरेला नजर दिली नाही. आणि मला फळ्यावर परत लावायचे सोडून त्यांनी शर्टाच्या खिशात टाकले.

पुढचे अकरा दिवस मी त्या खिशात होतो. धाकटे बस चालवत, सिग्नलला थांबले की हात खिशात जाई आणि ते मला उघडत, मिटत, उघडत, मिटत. मागचे लोक हॉर्न वाजवत. रोज संध्याकाळी ते भावाच्या घरी जात. थोरले अबोल झाले होते. कपबशी उचलताना ते थोडे थांबत, आपल्या हाताकडे बघत आणि मग उचलत. धाकटे चहा पिऊन "येतो रे" म्हणत आणि निघत. सांगायचे म्हणून ते रोज जात आणि न सांगता परत येत. मला त्यांचा राग येई, आणि त्यांची कीवही येई.

बाराव्या दिवशी त्यांची सुट्टी होती. दुपारी ते थोरल्यांच्या दुकानात जाऊन बसले. दुकान अरुंद आहे. काचेचे एक काउंटर, वाकलेल्या मानेचा दिवा, छोटे छोटे खण, आणि भिंतभर घड्याळे. एक बाई आल्या. त्यांनी रुमालातून नखाएवढ्या तबकडीचे एक लेडीज घड्याळ काढले.

थोरल्यांनी ते हातातही घेतले नाही. "बाई, हे मी आता करत नाही. बारीक काम बंद केलंय."

"अहो, मागच्या वर्षी तुम्हीच तर केलं होतं! माझ्या आईचं आहे ते."

"म्हणूनच नको. सेल बदलून देतो, पट्टा लावून देतो. आत हात नाही घालणार. काही कमीजास्त झालं, तर तुम्हाला काय तोंड दाखवू?"

बाई हिरमुसून निघून गेल्या. धाकट्यांनी विचारले, "हे कधीपासून, दादा?"

"स्पर्धा संपली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. हात आणि डोकं एकमेकांचं ऐकेनासं झालंय रे. नशीब, विमानावर निभावलं. पाच-सहा महिन्यांत दुकानही आवरून टाकीन म्हणतो. हिला अजून बोललो नाही."

धाकट्यांनी मला खिशातून काढले आणि काचेवर ठेवले.

"अरे, हा तुझ्याकडे?" थोरले म्हणाले. "पोस्टाच्या बाईंनी सगळा माळ धुंडाळला की!"

"दादा, हा तुझ्या एरियलवर होता, तेव्हा मी बटण दाबलं."

थोरल्यांना काही उमगले नाही.

"रविवारी. शेडमागे. मला वाटलं, तू खुर्चीतच आहेस. माझ्या विमानाची शेपटी आपोआप हलायला लागली, तेव्हा माझ्या लक्षात आलं की तू वर उडवतोयस. मी लगेच बंद केलं, पण तोवर..."

थोरल्यांनी भिंतीवरच्या चालू घड्याळांकडे पाहिले.

"किती वेळ चालू होता?" थोरल्यांनी विचारले. घड्याळवाला माणूस, दुसरे काय विचारणार.

"दहा सेकंद. त्याहून जास्त नाही."

"म्हणजे मी दांडी ढकलली होती."

"हो, दादा."

थोरल्यांनी उजवा हात काचेवर उताणा ठेवला आणि त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांचा आवाज चढला. "विमानाचं जाऊ दे! विमान मी दुसरं करीन. पण अकरा दिवस मी रोज बघतोय, कप हलतो का, किल्ली कुलपात नीट जाते का. अकरा दिवस! आणि तू समोर बसून चहा पीत होतास?"

"तूच म्हणालास ना, माझी चूक म्हणून. मला ते सोपं पडलं." धाकटे रडू लागले होते. एवढा मोठा बस चालवणारा माणूस, पण लहान मुलासारखे नाक पुसत होते.

"त्याच दिवशी सांगितलं असतंस, तर चार शिव्या दिल्या असत्या आणि जेवायला वाढलं असतं. आता काय करू तुझं?" थोरल्यांचेही डोळे भरले होते. ते लपवायला त्यांनी डोळ्याला भिंग लावले. मग एकदम म्हणाले, "त्या बाई कुठवर गेल्या असतील?"

"कोण बाई?"

"अरे, आईचं घड्याळ घेऊन आलेल्या! पळ. पळ म्हणतो ना!"

धाकटे पळाले. तेवढ्या वेळात थोरल्यांनी वहिनींना दवाखान्यात फोन लावला. "अगं, ढकलली होती मी. हो, धाकट्यानंच सांगितलं आत्ता." तिकडून वहिनी काय म्हणाल्या, ते मला ऐकू आले नाही. थोरले मात्र दोनदा म्हणाले, "हो, चुकलं माझं. तुझं ऐकायला हवं होतं."

बाई धापा टाकत परत आल्या, त्यांच्यामागे धाकटे. थोरल्यांनी दिवा खाली ओढला आणि घड्याळाचे झाकण उघडले. आत मोहरीहूनही बारीक स्क्रू होते. त्यांनी त्यातला एक चिमटीत उचलला, क्षणभर तसाच हवेत धरला आणि बाजूला ठेवला. हात स्थिर होता.

पुढच्या रविवारी धाकट्यांनी क्लबात सगळ्यांसमोर खरे काय ते सांगितले आणि चषक परत केला. तो दुसऱ्या आलेल्या बेकरीवाल्यांना मिळाला. पोस्टाच्या बाईंनी धाकट्यांना तीन महिने विमान उडवायला बंदी केली आणि तेवढे दिवस फळ्याजवळ उभे राहून चिमटे द्यायचे काम दिले. इतका कडक पहारेकरी क्लबाने पुन्हा पाहिला नाही. खुद्द पोस्टाच्या बाईंनासुद्धा ते सही केल्याशिवाय चिमटा देत नसत.

त्यानंतर पाच वर्षांनी नवे रिमोट आले. ते आपला मोकळा नंबर आपणच शोधतात. आमची गरज संपली. फळा शेडमध्ये मागे गेला, त्यावर कुणीतरी टोप्या अडकवू लागले. माझ्या काही भावंडांच्या स्प्रिंगा निसटल्या, काहींना उंदरांनी कुरतडले. कुणी मुद्दाम वाईट वागले असे नाही, पण धुळीत पडून राहिलो तेव्हा वाईट वाटायचे ते वाटलेच. एका साफसफाईच्या दिवशी थोरल्यांना मी दिसलो आणि त्यांनी मला उचलून दुकानात आणले.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असे माझ्यासारख्याने शेवटी म्हणायची पद्धत आहे. जपा, जरूर जपा. पण मला त्याहून जास्त सांगायचे आहे ते असे, की त्या रविवारी मी अगदी माझ्या जागी होतो आणि तरी उपयोग झाला नाही, कारण ज्याने फळ्याकडे बघायचे त्याने बघितले नाही. तेव्हा बटण दाबण्याआधी एकदा बघत जा. आणि तुमच्या हातून काही मोडलेच, तर त्याच दिवशी सांगून टाका. मोडलेले विमान पुन्हा करता येते. पण तुमची चूक आपल्या माथी घेऊन कुणी घरी बसला असेल, तर त्याला त्यातून सोडवणे तुमच्याशिवाय कुणाच्याही हातात नसते. थोरल्यांचा अंगठा पुढेच होता, हे मला माहीत होते, वहिनींना माहीत होते, तरी आमचा काही उपयोग झाला नाही.

हल्ली मी काउंटरच्या कडेला असतो आणि दुरुस्तीला आलेल्या घड्याळांच्या चिठ्ठ्या धरतो. आज माझ्याकडे सात चिठ्ठ्या आहेत. त्यांतल्या चार लेडीज घड्याळांच्या आहेत, अगदी बारीक कामाच्या.